बाहेरून कुणालाच बदलता येत नाही

चौकशी अधिकाऱ्याने प्रश्न विचारला आणि तिने पापणी लवायच्या आत उत्तर दिलं. पुढे तिला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. उत्तर चुकलं ते चुकलंच, पण निदान थोडं अडखळायला तरी हवं होतं.

"लिफ्टच्या पॅनेलच्या नोंदीत चालायच्या परवानगीपुढे 'हो' आहे," अधिकारी म्हणाला. "म्हणजे लिफ्ट खाली आली तेव्हा तिच्याखालच्या खड्ड्यातलं लाल बटण दाबलेलं नव्हतं. बरोबर?"

"बरोबर."

"दुसरी काही शक्यता?"

"नाही. ती व्हॅल्यू प्रायव्हेट आहे. बाहेरून कुणालाच बदलता येत नाही."

अधिकाऱ्याने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. शेजारी बसलेल्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. लिफ्ट निर्दोष होती, मेकॅनिक चुकला होता. आणि हा मेकॅनिक, जो एका कापडाच्या गोदामात मालाच्या लिफ्टखाली चिरडला गेला होता, तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

अधिकारी भला माणूस होता. त्याने सुरुवातीलाच विचारलं होतं, की तुमचा भाऊ आहे, जड जाईल, दुसरं कुणी सांगितलं तरी चालेल. ती म्हणाली होती, "कोड मी लिहिलाय, मीच सांगते. नातं आणि काम मी एकात एक कालवत नाही." असं म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. लोकांना वाटलं, काय खंबीर बाई आहे!

ऑफिसात तिला कडी म्हणत. तोंडावर कडीताई, पाठीमागे नुसतं कडी. जे ते बंद करून ठेवायची सवय. कंपनी लहान, मालाच्या लिफ्ट बनवायची आणि दुरुस्तही करायची. लिफ्टचं सगळं डोकं असतं ते पॅनेल, आणि त्या पॅनेलमधला प्रोग्राम हिच्या हातचा. नव्याने लागलेल्या पोरापोरींना ती प्रोग्राममधला क्लास म्हणजे काय ते असं समजावून सांगायची: क्लास ही एक खोली. खोलीत वस्तू आहेत आणि त्या वस्तू सांभाळणारी माणसंही आहेत. बाहेरच्याने जे हवं ते खिडकीशी येऊन मागायचं. द्यायचं की नाही ते आतले ठरवतील. बाहेरून आत हात घालायचा नाही. ज्या वस्तूंना बाहेरच्याने शिवायचं नाही त्यांच्यावर प्रायव्हेट असं लिहायचं. मग कुणी आगाऊपणा करून हात घातलाच, तर कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्राम, तिथल्या तिथे काम थांबवतो आणि बोंब मारतो.

तिच्या खोलीत सगळ्यात मोलाची वस्तू एकच होती. 'चालू शकते' नावाची एक व्हॅल्यू, म्हणजे लिफ्टला हलायची परवानगी. ती एक तर 'हो' असणार किंवा 'नाही'. दार लागलंय, वजन मर्यादेत आहे आणि मेकॅनिक खड्ड्यात उतरण्याआधी दाबतो ते लाल बटण दाबलेलं नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर 'हो'. एक जरी बिघडली तर 'नाही', आणि मग कुणी कितीही मजल्यांवरून बोलावलं तरी लिफ्ट जागची हलायची नाही. महागड्या लिफ्टमध्ये लाल बटण थेट वीजच तोडतं. यांच्या लिफ्टमध्ये ते फक्त पॅनेलला कळवायचं, पुढचं पॅनेलने बघायचं. स्वस्तात मस्त, असं साहेब गिऱ्हाइकांना सांगत. म्हणूनच ती त्या व्हॅल्यूला डोळ्यांत तेल घालून जपायची. पॅनेल आपल्या नोंदीत बटण दाबलं की नाही हे वेगळं लिहीतसुद्धा नसे, नुसती परवानगी लिही. तीच म्हणाली होती, परवानगीत बटण आलंच, तेच तेच दोनदा कशाला लिहायचं?

भावाला कंपनीत तिनेच चिकटवला होता. हाताने हुशार, तोंडाने फटकळ, आणि विजेच्या बाबतीत पक्का भित्रा. लहानपणी एकदा इस्त्रीचा शॉक बसला, तेव्हापासून साधा बल्ब बदलायचा तरी आधी मेन स्विच बंद करायचा आणि अख्खं घर अंधारात बसवायचा. "अरे, हातातला घास तरी तोंडात जाऊ दे," म्हणून आई ओरडायची. हा स्टुलावर चढून शांतपणे म्हणायचा, "घास कुठे पळून जात नाही, मी जाईन."

आता तो खरंच गेला होता, आणि अहवालात लिहिलं जाणार होतं की बटण दाबायला विसरला.

ती भावाच्या घरी गेली ती अहवालाची बातमी आपल्या तोंडून कळावी म्हणून. भावजय स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. पुसून लख्ख झालेला ओटा पुन्हा पुसत होती. भाची टेबलाशी बसली होती, शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन. दप्तरावर बापाने कधीतरी कंपनीच्या लिफ्टचं चित्र असलेला स्टिकर लावून दिला होता, तो ती नखाने खरवडत होती.

"आत्या, बाबा खरंच विसरले का गं? वर्गात सगळे म्हणतात."

आत्या क्षणभर घुटमळली. पण खोटं सांगणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि खरं काय हे तिला ठाऊक होतं, असं तिला वाटत होतं.

"हो बाळा. पॅनेलमध्ये तसं दिसतंय."

"पॅनेल चुकत असेल."

"ते चुकत नाही. बाहेरून कुणालाच बदलता येत नाही ते."

पोरीने मान हलवली. मग स्टिकरचा उरलेला तुकडा ओढून काढला आणि म्हणाली, "आई रोज विचारायची, बटण दाबशील ना? आणि ते रोज हो म्हणायचे. म्हणजे रोज खोटंच बोलायचे." दप्तर उचलून ती आतल्या खोलीत निघून गेली.

भावजयीने फडकं ओट्यावर आपटलं.

"झालं समाधान? बाप गेला तर गेला, आता खोटारडाही ठरला."

"अगं, मी काय मुद्दाम..."

"तुम्ही पॅनेलला विचारलंत, ताई. मला विचारलंत? बल्ब बदलायला मेन बंद करणारा माणूस तो. तुमच्याच घरात वाढलाय. तो खड्ड्यात उतरेल आणि बटण दाबणार नाही?"

"माणूस आहे. एखाद्या दिवशी विसरतो."

"तो नाही विसरायचा!" भावजयीचा आवाज फाटला. मग खुर्ची ओढून ती बसली आणि एकदम थकल्यासारखी हळू बोलायला लागली. "अलीकडे किती खूश होता. म्हणायचा, आता गुडघ्यांना आराम आहे. पूर्वी गोदामात लिफ्ट अडकली की पार वरपर्यंत चढायचं, ब्रेक सोडायचा, परत उतरायचं. आता म्हणे हँडसेट एकदा पॅनेलला जोडून ठेवला की झालं. मी तेल गरम करून ठेवायचे रोज, तर म्हणाला, आता नको, हँडसेटने गुडघे वाचवले."

आत्या उठायच्या बेतात होती, ती तशीच अर्धवट उठलेली राहिली.

हँडसेट म्हणजे मेकॅनिकच्या हातातलं छोटं यंत्र. वायरने पॅनेलला जोडायचं आणि आत काय चाललंय ते पडद्यावर वाचायचं. नुसतं वाचायचं. त्याने लिफ्ट हलत नाही, हलूच शकत नाही, कारण तशी खिडकी तिने कधी ठेवलीच नव्हती. मग नुसतं वाचून गुडघे कसे वाचतील?

ऑफिसच्या मागच्या बाजूला कार्यशाळा होती. तिथे टेबलावर पॅनेल, लाल बटण आणि मुठीएवढी मोटर अशी मांडणी कायमची असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट तिथे गेली. मोटर सुरू केली, लाल बटण दाबलं. मोटर थांबली. बटण फिरवून मोकळं केलं, पुन्हा दाबलं. थांबली. दार उघडल्याचा इशारा देऊन, वजन वाढवून, सगळे प्रकार करून पाहिले. प्रत्येक वेळी निमूट थांबली. तिचा प्रोग्राम शहाण्या मुलासारखा वागत होता, आणि त्या शहाणपणाचा तिला पहिल्यांदाच राग आला. कारण तो शहाणा असेल तर भाऊ चुकलेला होता.

भावाची कामाची पिशवी गोदामातून परत आली होती आणि कोपऱ्यात पडून होती. कंपनीचं सामान काढून बाकीचं घरी द्यायचं, असं ठरलेलं, पण कुणी हात लावला नव्हता. तिने चेन उघडली. पाने, टेप, गुडघ्याचा पट्टा. तळाशी हँडसेट. तो तिने पॅनेलला जोडला, मेकॅनिक जोडतात तसा, आणि मोटर सुरू केली.

लाल बटण दाबलं. मोटर थांबली, जराशी कुरकुरली आणि फिरायला लागली.

बटण आतच रुतलेलं होतं, आणि मोटर फिरत होती.

तिने हँडसेटची वायर काढली. मोटर गप्प. जोडली. एक आचका, आणि पुन्हा सुरू. किती वेळ ती नुसतीच वायर काढत होती, जोडत होती. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं बाई खेळतेय.

हँडसेटचा कोड तिच्याकडे नव्हता, तो शेजारच्या टेबलावरचा मुलगा बघायचा. तिने तो कधी उघडूनही पाहिला नव्हता. ज्याची त्याची खोली, हे तिचं तत्त्व. आज उघडला आणि फार शोधावं लागलंच नाही, सगळ्यात वरची ओळच तिच्या डोळ्यांत घुसली. कंपायलरला दिलेली एक सूचना होती: यापुढे जिथे जिथे प्रायव्हेट असं लिहिलेलं येईल, तिथे तिथे ते पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुलं, आहे असं समज.

बस. एवढंच. या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. चहाच्या टेबलावर हसण्यावारी न्यायची गोष्ट ती. सगळी मिळून एक ओळ, आणि तिच्या खोलीच्या भिंतीच नाहीशा झाल्या. कंपायलर बोंब मारणार तरी कशाला, त्याला प्रायव्हेट असं कुठे दिसतच नव्हतं. त्याच्याखाली साधासुधा कोड होता: हँडसेट जोडलेला आहे तोवर 'चालू शकते' मध्ये 'हो' लिही. क्षणभर थांब. पुन्हा 'हो' लिही. क्षणभर थांब. पुन्हा लिही.

भावाने बटण दाबलं होतं. पॅनेलने ऐकलं होतं, 'नाही' असं ठरवलंही होतं. आणि पुढच्याच क्षणाला हँडसेटने त्याच्यावर 'हो' लिहिलं होतं. तेवढ्यात वरच्या कुठल्या तरी मजल्यावरून कुणीतरी माल भरून लिफ्ट खाली पाठवली. त्या माणसाचाही काही दोष नव्हता. त्याला आपला माल उतरवायचा होता.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाला सगळे होयबा म्हणायचे. कुणालाही नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. अपघातापासून तो आजारी म्हणून घरी होता. ती त्याच्या घरी जाऊन धडकली. दार उघडून तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पुढे काही विचारायची गरजच नव्हती, तरी तिने विचारलं.

"कुणी सांगितलं होतं तुला ते लिहायला?"

"ताई, आत तरी या."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या भावाने." तो उंबऱ्यावरच खाली बसला. "दोन-तीनदा मागे लागला. म्हणाला, दाराच्या सेन्सरवर कापडाचा भुसा बसतो, पॅनेलला वाटतं दार उघडं आहे, लिफ्टचा डबा मध्येच लटकून राहतो. हँडसेटवरून तेवढा सरकवता आला पाहिजे. मी म्हटलं, कडीताईंना विचार. म्हणाला, विचारलं, नाही म्हणाली."

तिला ते जेवण आठवलं. भाऊ तिच्याकडे आला होता, ताटावर बसल्या बसल्या म्हणाला होता, "ताई, एवढं एक कर ना. तुला पाहिजे त्या अटी घाल. बोट ठेवलंय तोवरच सरकू दे, मुंगीच्या पावलाने सरकू दे, लाल बटण दाबलं की बंद. पण काहीतरी सोय कर." आणि ती म्हणाली होती, "दार उघडं दिसत असताना माझी लिफ्ट हलणार नाही. विषय संपला." तो हसला होता. "लिफ्ट तुझी आहे गं, पण गुडघे माझे आहेत." तीही हसली होती, आणि त्याच्या ताटात वाढलं होतं.

अर्ध्या दिवसाचं काम होतं. एक खिडकी जास्तीची ठेवायची, तिच्याशी आपलाच पहारेकरी बसवायचा. तिला ते येत नव्हतं असं नाही. तिला ते करायचं नव्हतं.

"तू मला का नाही विचारलंस?" ती होयबावर ओरडली. पण आवाजात दम नव्हता.

"आलो होतो. 'हँडसेटवरून लिफ्ट' एवढंच म्हटलं, तुम्ही मान वर न करता नाही म्हणालात. वाक्यसुद्धा पूर्ण होऊ दिलं नाहीत. मला वाटलं, आपले मेकॅनिक आहेत, सांभाळून वापरतील. तो जोडून ठेवून खाली उतरेल असं वाटलं नव्हतं मला."

"बटण दाबून उतरला तो! बटण दाबल्यावर लिफ्ट थांबते, म्हणून उतरला!"

होयबा रडायला लागला. "मी सांगणार होतो, ताई. शपथेवर सांगतो. त्या अधिकाऱ्याकडे जायला निघालोही होतो. तेवढ्यात कळलं, तुम्हीच सांगितलंत की बाहेरून कुणालाच बदलता येत नाही. मग मला वाटलं, ताई म्हणतात म्हणजे दुसरंच काहीतरी झालं असेल. त्याने खरंच दाबलं नसेल."

त्याला मारायला तिचा हात वर आला नाही. ती त्याच्यासमोर पायरीवर बसून राहिली. तिच्या शब्दाला ऑफिसात काय वजन होतं! काळ्या दगडावरची रेघ. त्या वजनाखाली या पोराचं सत्य चेपलं गेलं आणि भावाचं नावही.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. केबिनचं दार लावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पुढच्या आवृत्तीत काढून टाका ती ओळ. गाजावाजा नको."

"आणि अहवाल?"

"अहवाल झालाय. तुमच्याच म्हणण्यावर झालाय." साहेबांनी समजुतीचा सूर लावला. "हे बघा, गेलेला माणूस परत येत नाही. कंपनी बुडाली तर बाकीच्यांच्या घरच्या चुली विझतील. आणि हे बाहेर आलं तर त्या मुलाचं काय होईल? तुमच्या भावाचंही काय राहील? नियम मोडून मागच्या दाराने सोय करून घेतली, असंच म्हणतील ना लोक?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच त्या माणसाचं कसब होतं. त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून तिने मेकॅनिकांच्या मुकादमाला लावला आणि सांगितलं, "सगळ्यांना आत्ताच्या आत्ता निरोप द्या. खड्ड्यात उतरायच्या आधी हँडसेट काढायचा. काढल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही." मुकादम म्हणाला, "पण ताई, लाल बटण असतं की." "बटणावर विसंबू नका," ती म्हणाली. हे वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडेल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्याने तिचं नवं म्हणणं लिहून घेतलं, पण मागच्यासारखं जसंच्या तसं नाही. मध्ये मध्ये थांबत, पेनचं टोपण लावत, काढत.

"मागच्या वेळी तुम्ही अगदी खात्रीने सांगितलं होतं."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"पण खात्री होती." तो अवघडला. "साहेबांचा फोन आला होता. म्हणत होते, बहीण आहे, धक्का बसलाय, भावाला सोडवण्यासाठी काहीही बोलेल. मी तसं म्हणत नाही. पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं. तज्ज्ञ बोलावू, बघू. वेळ लागेल."

संध्याकाळपर्यंत तिला सक्तीच्या रजेचा निरोप आला. ती कार्यशाळेत गेली, टेबलावरचं पॅनेल, लाल बटण, मोटर आणि भावाचा हँडसेट तिने एका मोठ्या पिशवीत भरलं. कुणाला विचारलं नाही. चोरी म्हणायची तर चोरीच होती ती. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात घातला होता.

भावजय आणि भाची जेवायला बसायच्या बेतात होत्या. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "त्याने दाबलं होतं."

भावजयीच्या हातातली ताटं तशीच राहिली. मग तिने ती हळूच टेबलावर ठेवली, पदराने तोंड झाकलं आणि उभ्या उभ्या हमसून रडली. बराच वेळ. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "मग चालली कशी?"

तिने सगळं सांगितलं. होयबाची ओळ सांगितली. भावानेच ती मागून घेतली हे सांगितलं. आणि त्याआधी त्याने कुणाकडे मागितलं होतं, आणि कोण नाही म्हणालं होतं, तेही सांगितलं. लपवायची हौस आता उरली नव्हती.

भावजय ऐकत राहिली. रागावेल, हात धरून बाहेर काढेल, असं तिला वाटत होतं. निदान तसं तरी व्हावं असं वाटत होतं.

"नाही म्हणालात ते तुमच्या कामाचं असेल, ताई. त्यातलं मला कळत नाही," भावजय म्हणाली. "पण तो कसा होता ते तर तुम्हाला कळत होतं ना? मी ओरडून सांगितलं तरी तुम्ही त्या पॅनेलचंच खरं धरलंत."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आता पोरीला तुम्हीच सांगा. तुमच्याच तोंडून तिने ऐकलंय."

भाची आतल्या खोलीच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. बापाचा हट्टी जबडा तिच्या चेहऱ्यावर अगदी तस्साच उतरला होता.

"बाळा, बाबांनी बटण दाबलं होतं. ते खोटं बोलत नव्हते."

"तूच म्हणालीस बाहेरून कुणालाच बदलता येत नाही."

"म्हणाले होते. चुकलं माझं."

"मग तेव्हा चुकलीस की आता चुकतेस?"

पोरीचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती. आत्याकडे बघून तिला ठरवता येत नव्हतं, आणि आत्याकडेही आता शब्दांखेरीज काही उरलं नव्हतं, आणि शब्दांची किंमत तिने स्वतःच घालवली होती.

"दाखव," पोरगी म्हणाली.

ताटं बाजूला सारून आत्याने टेबलावर सगळं मांडलं. मोटर फिरायला लागली. "हे लाल बटण. दाब." पोरीने दाबलं. मोटर थांबली. मग आत्याने पिशवीतून हँडसेट काढला. त्याच्या पाठीवर बापाने चिकटपट्टी लावून आपलं नाव लिहिलेलं होतं. पोरीने ते वाचलं. आत्याने बटण फिरवून मोकळं केलं, मोटर पुन्हा सुरू झाली, मग तिने वायर जोडली.

"आता दाब."

पोरीने अंगठा टेकवला आणि दाबलं. मोटर अडखळली. आणि फिरायला लागली.

तिने बटणाकडे पाहिलं. ते आत रुतलेलं होतं. तिने ते फिरवून मोकळं केलं, पुन्हा दाबलं, या वेळी जोर लावून. मोटर फिरतच राहिली. मग दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून, ओठ घट्ट मिटून, सगळं अंग त्या बटणावर टाकून तिने दाबलं. टेबल हललं. ताटं वाजली.

"बस कर गं," आत्या म्हणाली. "बाळा, बस."

भावजय उठली. भिंतीशी गेली आणि तो करायचा तसा तिने मेन स्विच बंद केला. दिवे गेले, मोटर थांबली, अख्खं घर अंधारात बसलं. त्या अंधारात पोरगी अजून बटण दाबतच होती.